दुसऱ्याच्या हातची काडतुसं

शिरीष, तू माझ्याशी खोटं बोललास. हे आधी बोलून टाकतो, कारण गुरुवारी तुझ्या शोकसभेत मी बोलायला उभा राहिलो तेव्हा एवढं सोडून बाकी सगळं बोललो. तू भूल देण्याआधी पेशंटशी कशा गप्पा मारायचास, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून कशी हुज्जत घालायचास, पुण्याचा असूनही लोकांना जेवायला कसा थांबवून घ्यायचास. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मेधावहिनी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. मी काय गिळून बोलतोय ते त्यांना माहीत होतं.

तुझं हृदय बंद पडलं म्हणून मला तुझ्यावर रागावता येत नाही. तेवढं कळतं मला, फार्मसिस्ट आहे मी. ऑपरेशनं आटोपून तू कपडे बदलायला गेलास आणि तिथेच कोसळलास, आजूबाजूला सगळे डॉक्टर असून कोणाला काही करता आलं नाही. ते दुःख वेगळं आहे आणि ते माझ्याबरोबर राहणारच आहे. पण तू गेल्यावर थोड्याच दिवसांत तुझ्या गॅरेजमधलं लोखंडी कपाट उघडलं, आणि तेव्हापासून मला धड रडतासुद्धा येत नाही. रडू यायला लागलं की मध्येच राग येतो.

आपल्या लोकांना या छंदाबद्दल काही सांगायची सोय नव्हती. ऑकलंडमधल्या मराठी माणसाने गणपतीची आरास करावी, नाटक बसवावं, फार तर क्रिकेट खेळावं. शनिवारी सकाळी कानाला आवाज अडवणारे मफ लावून कागदाच्या चकतीवर पिस्तूल झाडायला जाणं कोणाच्या पचनी पडत नव्हतं. तू कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवलेली. मी नागपूरचा, दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे माझी मजल नव्हती. तुझ्या हट्टापायी मी नेमबाजीच्या क्लबात आलो, पोलिसांची चौकशी झाली, परवाना मिळाला, गॅरेजच्या भिंतीत पिस्तुलाचं कपाट ठोकून झालं. आमची सुषमा म्हणाली, दिवसभर औषधं मोजायची आणि शनिवारी कागदाला भोकं पाडायची, यापेक्षा भिंतीला रंग दिला असता तर घराला उपयोग झाला असता. तू तिला सांगितलंस की वहिनी, या खेळात श्वास सांभाळावा लागतो, म्हणजे हा योगाचाच प्रकार आहे. तिने ते मुळीच ऐकून घेतलं नाही, पण दोघांसाठी डब्यात पोहे दिले.

क्लबातले जुने लोक आपापली काडतुसं घरीच भरत. मारून झालं की रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, त्यात पुन्हा प्रायमर म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, पावडर आणि वर शिशाची गोळी बसवायची. आपणही शिकलो. शिकवलं ब्रूसने, आपल्या क्लबाच्या सेक्रेटरीने. निवृत्त सुतारकामाचा शिक्षक, भर थंडीतही शॉर्ट्स घालणारा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलेला नियम तुला आठवत असेलच. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपण मारायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. पावडर कमी पडली तर शिसं नळीत अडकतं, दोनदा पडली तर पिस्तूल हातात फुटतं. तू ताबडतोब त्याला म्हणालास की आम्ही दोघं एका बाकावर बसून भरतो, एक भरतो आणि दुसरा तपासतो, तेव्हा आमचं दोघांचं मिळून एकच धरायचं. माझ्या फार्मसीत आम्ही असंच करतो, एकाने औषध काढायचं आणि दुसऱ्याने बघून सही करायची. ब्रूसने खांदे उडवले. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. या देशात माझं असं एकच माणूस होतं ज्याच्या हातचं काडतूस मी मारत होतो आणि जो माझ्या हातचं मारत होता.

मग आपला तो लांबलेला वाद. बॉटनी डाउन्सला तुझ्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायचं जे जुनं यंत्र, प्रेस, होतं त्याचा दांडा एकदा ओढला की एकच काम व्हायचं. सगळ्या पुंगळ्या आधी आकारात आणायच्या, मग सगळ्यांना प्रायमर, मग सगळ्यांत पावडर, मग शेवटी शिसं. एका शनिवारच्या नेमबाजीसाठी दोन संध्याकाळी जायच्या. मला प्रोग्रेसिव्ह प्रेस हवं होतं. त्यात फिरती थाळी असते, थाळीवर घरं असतात, आणि दांडा ओढला की सगळ्या घरांतली कामं एकदम होऊन प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस खाली पडतं. मी फोरमवरची पानंच्या पानं छापून तुझ्याकडे आणायचो. तू ती चष्मा कपाळावर ढकलून वाचायचास आणि समासात प्रश्नचिन्हं काढायचास.

तुझी हरकत काय होती ते मी आजही शब्दाशब्दाने सांगू शकतो. जुन्या पद्धतीत पावडर भरलेल्या पुंगळ्या लाकडी फळीवर ओळीने उभ्या राहतात, वरून बॅटरी मारली की कोणती कमी आणि कोणती जास्त ते एका नजरेत दिसतं. फिरत्या थाळीत आत डोकावेपर्यंत पुंगळी पुढे गेलेली असते. मी म्हणायचो, म्हणून तर पाच घरांचं घेऊ, एका घरात पावडर तपासणारी सळई बसते, गडबड झाली की बझर वाजतो. तू म्हणालास, बझरची बॅटरी संपली तर? मी म्हणालो, तुझ्या थिएटरातल्या मॉनिटरची संपली तर? त्यावर तू म्हणालास की म्हणूनच मी मॉनिटर सोडून पेशंटच्या तोंडाकडे बघत बसतो. त्या रात्री जेवताना तू चार वेळा हे आपलं वाक्य पुन्हा बोलून दाखवलंस, इतकं तुला ते आवडलं होतं.

मग तू थोडा खाली आलास. घ्यायचंच तर चार घरांचं घे, ज्याची थाळी अंगठ्याने फिरवावी लागते, म्हणजे आपण कुठे आहोत याचं भान राहतं. मला ते पटत नव्हतं. अंगठा थाळी फिरवायला विसरला तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडते, आपोआप फिरणारी थाळी विसरत नाही. तू म्हणायचास, आपोआप फिरणारी काही बिघडलं तरी फिरतच राहते. कितीतरी शनिवार आपण हेच बोललो. क्लबातले लोक आपल्याला टाळून चहा घ्यायला लागले. आणि मला तो वाद संपायला नको होता हेही सांगतो, कारण मुलांच्या शाळा, घरांचे हप्ते आणि भारतात कोण आजारी आहे यांच्या पलीकडचं असं आपलं तेवढंच एक बोलणं होतं.

एका शनिवारी गाडी लावता लावता तू अचानक म्हणालास, "घे बाबा तुझं पाच घरांचं. पटलं मला."

मी इतका खूश झालो की तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं राहून गेलं. तू पुण्याचा माणूस. माझ्या मुलीच्या नाचाच्या कार्यक्रमानंतर सगळे वाहवा करत असताना तिला तोंडावर सांगणारा, की बेटा, ताल चुकत होता. वेटरला, शेजाऱ्याला, हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबाला, कोणालाही नाही म्हणताना तुझी जीभ अडखळली नाही. अशा माणसाने पटलं म्हटल्यावर ते पटलं असंच मी धरलं. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

अमेरिकेहून खोकं आलं, आपण दोघांनी मिळून ते माझ्या गॅरेजमध्ये बसवलं. बोल्ट तू आवळलेस. इथल्या रबरी चपला, जँडल्स, घालून उभा होतास, पाना पायावर पडला तेव्हा शिव्याही अस्सल पुणेरी दिल्यास. जुनं प्रेस मनुरेवाच्या कुणा नव्या मेंबरला देऊन टाकलं म्हणालास. माझी काडतुसंही आता तूच भर, मला ड्यूट्या फार आहेत, असंही म्हणालास. मी आनंदाने भरली. प्रत्येक खोक्यावर फार्मसीतल्यासारखं इंग्रजी लेबल छापून लावलं: श्री. शिरीष, शनिवारी सकाळी, भरल्या पोटी, लहान मुलांपासून दूर ठेवावे. पहिलं लेबल बघून तू हसत हसत गॅरेजच्या पायरीवर बसलास. पुढे प्रत्येक खोक्यावर मी नवी काहीतरी सूचना लिहायचो आणि तू ती फोनवर मेधावहिनींना वाचून दाखवायचास.

आणि तू दर महिन्याला रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी परत आणून द्यायचास, मी त्या पुन्हा भराव्यात म्हणून. माझी मुलगी दारातून ओरडायची, "बाबा, काका इज हिअर विथ द एम्प्टीज."

कपाट उघडलं तेव्हा ब्रूस माझ्याबरोबर होता. परवाना असलेला माणूस गेला की त्याची पिस्तुलं घरात ठेवता येत नाहीत, म्हणून तो पोलिसांशी बोलून न्यायला आला होता. वर तुझी दोन पिस्तुलं. खाली माझी खोकी. सगळी. पहिल्या खोक्यापासून गेल्या महिन्यातल्या खोक्यापर्यंत, तारखेने लावलेली, एकाचीही चिकटपट्टी फाडलेली नाही. ब्रूस एक लेबल वाचून हसला. मग त्याने दुसरं खोकं हलवून बघितलं, तिसरं बघितलं, आणि माझ्याकडे न बघता चष्मा पुसायला लागला. कोपऱ्यातल्या बाकावर जुनी चादर टाकलेली होती. ती मी ओढली. खाली ते जुनं प्रेस होतं, तेल दिलेलं, आणि शेजारी लाकडी फळी.

म्हणजे तू नव्या पुंगळ्या विकत आणत होतास, संध्याकाळी बसून जुन्या प्रेसवर एकेक करून भरत होतास, शनिवारी माझ्या शेजारी उभं राहून ती मारत होतास, माझा नेम चुकला की मला चिडवत होतास, आणि त्याच रिकाम्या पुंगळ्या मला आणून देत होतास. खोकी का आणत नाहीस असं मी विचारलं की प्लास्टिकच्या डब्यात ओतून आणतो, सोपं पडतं, म्हणायचास. एवढी मेहनत, शिरीष. एक नाही म्हणायला किती वेळ लागला असता?

ब्रूस पिस्तुलं गाडीत ठेवायला गेला तेव्हा मी मेधावहिनींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "भावजी, मी त्याच थिएटरात नर्स आहे. माझ्या हातची भरलेली सिरिंजसुद्धा शिरीषने कधी पेशंटला दिली नाही. स्वतः भरायची, स्वतः द्यायची. मी ते मनाला लावून घेतलं असतं तर संसार झाला असता का?"

मी म्हणालो, "पण तुम्हाला त्याने तोंडावर सांगितलं होतं ना?"

त्या म्हणाल्या, "हो. लग्नाच्या आधीच."

"मला नाही सांगितलं, वहिनी."

त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या, आणि मी तो त्यांच्या दारात उभ्याने प्यायलो. ज्यांचा नवरा गेलाय त्यांच्याकडे मी माझं गाऱ्हाणं घेऊन उभा होतो, याची लाज वाटली, पण राग काही कमी झाला नाही. निघताना त्या हळूच म्हणाल्या, तू त्यांना सांगून ठेवलं होतंस की प्रमोदला कळू देऊ नकोस, त्याला लागेल. म्हणजे मला लागेल हे तुला माहीत होतं.

तेव्हापासून मी शोधतोय की हे कुठे झालं. तो फोनचा प्रसंग असावा. नवं मशीन लागून थोडेच दिवस झाले होते, मी दांडा ओढत होतो, फार्मसीतून फोन आला आणि मी उठून गेलो. परत येऊन पुढे सुरू केलं. तू विचारलंस, कुठल्या घरापर्यंत आला होतास? मी म्हणालो, गडबड असती तर बझर वाजला असता. तू माझ्याकडे बघत राहिलास. पण शिरीष, मी फोन घ्यायच्या आधी थाळी रिकामी केली होती. सगळ्या पुंगळ्या काढून बाजूला ठेवल्या होत्या. तू त्या वेळी आत सुषमाकडे चकलीचा डबा मागत होतास, म्हणून तुला दिसलं नाही. तू एकदा नीट विचारलं असतंस तर मी दाखवलं असतं. तू मला शिक्षा दिलीस आणि आरोप काय ते सांगितलं नाहीस. मी वर्षानुवर्षं माझ्या फार्मसीतून तुझी बीपीची औषधं देत होतो, ती तू कधी उलगडूनही बघितली नाहीस, गाडीतच पाण्याशिवाय घ्यायचास. त्यावर विश्वास होता आणि काडतुसावर नव्हता, हा कुठला हिशेब?

मी रात्री सुषमाला हे सगळं सांगितलं. वाटलं होतं ती माझ्या बाजूने चिडेल. ती म्हणाली, माझ्या ऑपरेशनच्या वेळी भूल कोणी दिली होती? तूच दिली होतीस. सुट्टीवर असताना खास आला होतास. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि मला एका क्षणासाठीही भीती वाटली नव्हती, कारण आत तू होतास. त्या दिवशी सिरिंजमध्ये काय भरलंस असं मी तुला विचारलं नव्हतं. तू ती स्वतःच्या हाताने भरली होतीस, दुसऱ्या कोणाच्या हातून घेतली नव्हतीस. सुषमा शुद्धीवर आली तेव्हा सगळ्यात आधी तू तिला विचारलंस की वहिनी, पोहे कधी. हे सगळं मला मान्य आहे. याबद्दल मी तुझा जन्मभर ऋणी आहे आणि हे तुला कधी नीट सांगितलं नाही. पण सुषमा, म्हणालो मी, ते त्याचं काम होतं. मी त्याचा मित्र होतो. ती दिवा मालवून म्हणाली, तुम्ही दोघंही सारखेच. हे तिने तुझ्या बाजूने म्हटलं की माझ्या, ते मी विचारलं नाही.

ब्रूसने सांगितलं की खोकी माझ्या हातची आहेत, तर मी घरी न्यावीत. तू भरलेली काडतुसं मात्र क्लबात फोडून टाकावी लागतील, ती आता कोणी मारायची नाहीत. कपाटात प्लास्टिकचा डबा होता, अर्धा भरलेला. न आलेल्या शनिवारसाठी तू भरून ठेवलेला. ब्रूस तो क्लबात घेऊन गेला होता.

काल शनिवार होता. मी गेलो. रेंजवर वारा होता, माणसं थोडीच होती. फोडायच्या सामानात बाकावर तुझा डबा ठेवलेला दिसला. मी तो उचलला, माझ्या जागेवर गेलो आणि मॅगझिन भरायला लागलो. ब्रूस जवळ आला. म्हणाला, "प्रमोद, दोज आर हिज, मेट." मी म्हणालो, "आय नो." त्याने मला थांबवायला हवं होतं, ते त्याचं कामच आहे. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने कानावर मफ ओढले आणि पाठ फिरवून उभा राहिला.

मी एकही तोलून बघितलं नाही, शिरीष. एकाकडेही निरखून बघितलं नाही. डब्यातून काढायचं, भरायचं, मारायचं. मला तुला दाखवायचं होतं. विश्वास ठेवायचा म्हणजे असा, आणि मी तो पहिल्या दिवसापासून ठेवला होता, मागून कपाटात तुझी खोकी न लपवता. रागाने हात इतका घट्ट झाला होता की सुरुवातीची सगळी डावीकडे गेली. तू असतास तर म्हणाला असतास, श्वास, फार्मसीवाले, श्वास. मग हळूहळू हात सैल झाला. तुझी काडतुसं सुरेख होती. एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा नाही, एकाचा धक्का दुसऱ्यापेक्षा जास्त नाही. मी मारत गेलो आणि चकतीवरची भोकं मध्याजवळ यायला लागली, आणि कितीतरी दिवसांनी मला मोकळं वाटलं.

शेवटचं वाजलं, पुंगळी उडून गवतात पडली, आणि मी सवयीने डब्यात हात घातला. डबा रिकामा होता. मी तुझ्या नावाने भरलेली काडतुसं माझ्या गॅरेजमध्ये खोकीच्या खोकी पडून आहेत, शिरीष. तू भरलेलं आता एकही उरलं नाही.